सोळाशेच्या आधीचं चिन्ह

उंद्रीत पोहायला शिकवत नाहीत, ढकलून देतात. माझ्या लहानपणी पाठीला वाळका भोपळा बांधायचे, पुढच्या पिढीला पाच लिटरचा तेलाचा डबा मिळाला आणि आता ट्रॅक्टरची ट्यूब आली. विहिरीला पाणी असलं तर विहीर, नाहीतर पाझर तलाव. पहिल्या दिवशी पोरगं चार घोट पाणी पितंच. माझा चुलता काठावर बिडी ओढत बसायचा. पोरगं ठसकलं की म्हणायचा, "पिऊ द्या, पोटात पाणी गेल्याबिगर अंगात पोहणं येत नाही."

हा घोटच या पुस्तिकेचा विषय आहे. लिहिणारे तिघं, दोन शिक्षक आणि एक जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्याचे नमुने घेणारा. तिघंही आमच्या चिखली तालुक्यातले. नदी, तलाव, डोह, घाट इथल्या पाण्यात माणूस उतरतो तेव्हा त्या पाण्यात जिवाणू किती असलेले चालतील, हे कोण ठरवतं, कसं ठरवतं आणि ठरलेलं आपल्या गावाला लागू पडतं का, एवढंच त्यांनी विचारलंय. मी आयुष्यभर पाण्याचे नमुने तपासले, म्हणून प्रस्तावना माझ्याकडे आली. हस्तलिखित वाचताना मला माझीच एक चूक आठवली. ती पुढे सांगेन.

आधी घोटाचं माप. ते कुणी काढलं असेल असं मला वाटलंही नव्हतं, पण काढलंय. जलतरण तलावातलं क्लोरीन टिकावं म्हणून सायन्युरिक आम्ल घालतात. ते पोटात गेलं तर शरीर ते वापरत नाही, जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर टाकतं. अल्फ्रेड डफोर या अमेरिकी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ साली हीच युक्ती वापरली. लोकांना पाऊण तास पोहायला लावलं, पुढच्या चोवीस तासांची लघवी गोळा केली आणि उलटा हिशेब मांडला. मोठ्या माणसाच्या पोटात सरासरी १६ मिलिलिटर पाणी गेलं होतं, मुलांच्या पोटात ३७. म्हणजे मुलं दुपटीहून जास्त पितात. आणि हे परदेशी मुलांचं निळ्या टाइल्सच्या तलावातलं माप. ट्यूब निसटल्यावर गटांगळ्या खाणाऱ्या आमच्या पोराचा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही.

दुसरी अडचण शब्दाची आहे. सरकारी कागदांत 'मनोरंजनासाठी वापरलं जाणारं पाणी' असा प्रयोग येतो. आमच्याकडे पाण्यात मनोरंजनासाठी म्हणून कोण उतरतं? उन्हाळ्यात पोरं उतरतात, त्याला पोहणं म्हणतात. बाया धुणं घेऊन उतरतात, गुराखी म्हशी घेऊन. पोळ्याच्या दिवशी बैल धुतले जातात, गणपती विसर्जनाला कमरेइतक्या पाण्यात तरणी पोरं जातात. एकादशीला, अमावास्येला, अस्थी सोडायला लोक घाटावर येतात. लोणारला धारेखाली अंघोळ होते, मेहकरला पैनगंगेत, पंढरपूरला चंद्रभागेत. यातल्या पुष्कळ जागी माणूस पाणी चुकून गिळत नाही, ओंजळीत घेऊन मुद्दाम पितो. आचमन करतो, तीर्थ म्हणून घरी बाटलीत नेतो. जगात जिवाणूंची जी मानकं ठरली ती 'चुकून गेलेल्या घोटा'वर उभी आहेत. हाताने तोंडाला लावलेलं तीर्थ त्यांत कुठेच बसत नाही. माझ्या मते आपल्या सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे, आणि लेखकांनी ते बरोबर पकडलंय.

आता मोजायचं काय, ते. टायफॉईड, हगवण, पटकी, कावीळ हे सगळे विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात जातात. पण पाण्यात नेमका टायफॉईडचा जंतू शोधायचा म्हटलं तर आज असेल, उद्या नसेल, आणि सापडला नाही म्हणून पाणी चांगलं, असंही म्हणता येत नाही. म्हणून जंतूचा पत्ता शोधण्याऐवजी विष्ठेचा पत्ता शोधायचा. माणसाच्या आणि गरम रक्ताच्या जनावरांच्या आतड्यात एक जिवाणू कायम, अब्जावधींनी असतो. १८८५ साली थिओडोर एशेरिख या डॉक्टरने तान्ह्या मुलांच्या शीतून तो वेगळा काढला. आज त्याच्याच नावाने त्याला ई. कोलाय म्हणतात. त्याचा गोतावळा म्हणजे कोलिफॉर्म. त्यातले शरीराहून जास्त गरम तापमानालाही तग धरणारे ते फीकल कोलिफॉर्म, आणि ई. कोलाय त्यांच्यातलाच एक. हा पाण्यात दिसला की समजायचं, कुणाची तरी घाण इथे आली आहे. सोबत काय आलं असेल ते देव जाणे.

मोजतात कसं, ते मात्र बारकाईने सांगतो, कारण आकड्याची खरी किंमत तिथेच कळते.

बाटली निर्जंतुक लागते, झाकणावर पन्नी बांधलेली. मिनरल वॉटरची रिकामी बाटली विसळून चालत नाही. माझ्या टेबलावर अशा कित्येक आल्या, एकीला तर देशी दारूचा वास होता. नमुना घेताना बाटली उपडी धरून हातभर खाली न्यायची, प्रवाहाकडे तोंड करून भरायची, वर थोडी जागा सोडायची, बर्फाच्या थर्माकोलच्या डब्यात ठेवायची आणि शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवायची. सहा तास हे पुस्तकातले. उंद्रीहून बुलढाण्याला बाटली घेऊन निघालेला माणूस चिखलीच्या स्टँडवर दुसऱ्या गाडीची वाट बघत उभा असतो, तेव्हा डब्यातला बर्फ काय करत असतो हे मी सांगायला नको.

प्रयोगशाळेत पंधरा नळ्या लावतात. प्रत्येकीत जांभळ्या रंगाचं मॅककॉन्की ब्रॉथ, आणि त्यात बोटाच्या पेरापेक्षा लहान एक काचेची नळी उपडी बुडवलेली. तिला डरहॅम नळी म्हणतात. पाच नळ्यांत दहा-दहा मिलिलिटर पाणी, पाचांत एक-एक, उरलेल्या पाचांत मिलिलिटरचा दहावा भाग. मग इन्क्युबेटरमध्ये ३५-३७ अंशांवर दोन दिवस. (लोडशेडिंगच्या वर्षांत हे दोन दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत.) जिथे कोलिफॉर्म आहे तिथे जांभळा रंग पिवळा पडतो आणि उपड्या नळीच्या टोकाशी वायूचा बुडबुडा अडकतो. अशी प्रत्येक नळी मग तारेच्या कडीने दुसऱ्या माध्यमात घालायची आणि ४४.५ अंशांवर आणखी एक दिवस ठेवायची. तिथेही बुडबुडा आला तर तो फीकल. कोणत्या ओळीत किती नळ्या 'आल्या' ते मोजायचं आणि तक्त्यात बघायचं. तक्ता जो आकडा देतो त्याला एमपीएन म्हणतात, म्हणजे सर्वांत संभाव्य संख्या, दर १०० मिलिलिटरला.

संभाव्य हा शब्द नीट वाचा. पहिल्या दोन्ही ओळी पूर्ण आल्या आणि तिसरीत एकही आली नाही तर तक्ता २४० सांगतो. पण त्याच तक्त्यात शेजारी छापलेलं असतं की खरा आकडा साधारण शंभरापासून नऊशेपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे मर्यादा ५०० असेल, तर हे पाणी पासही असू शकतं आणि नापासही. अहवालात फक्त २४० जातो, शेजारचं कुणी छापत नाही.

आता माझी चूक. एका यात्रेच्या आधी घाटावरचा नमुना आला. पंधराच्या पंधरा नळ्या आल्या. पंधरा आल्या की तक्ता संपतो. पुढे कितीही असो, त्याला फक्त '१६०० पेक्षा जास्त' लिहिता येतं. खरं तर मी नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावायला हवा होता, म्हणजे सोळा हजारांपर्यंत मोजता आलं असतं. केलं नाही. नमुने खूप होते, नळ्या कमी होत्या, आणि मला वाटलं, जास्त म्हणजे जास्त, आणखी काय सांगायचं. अहवालात मी "> १६००" लिहिलं. वरच्या एका कार्यालयात तो अहवाल पुन्हा टाइप झाला आणि सोळाशेच्या आधीचं ते चिन्ह गळलं. उरले १६००. कमाल मर्यादा २५००. शेरा पडला, 'विहित मर्यादेत'. यात्रा झाली. कुणी आजारी पडलं का, ते मला माहीत नाही, आणि गाव बदलून गेलेल्या माणसांचं पोट कोण मोजत बसणार? पण ते चिन्ह मला आजही दिसतं. मासोळीच्या तोंडासारखं, उघडं.

२५०० हा आकडा आला कुठून, असा प्रश्न मला त्यानंतर पडला. नोकरीच्या सुरुवातीला पडायला हवा होता.

आकड्यांची गोष्ट अमेरिकेत सुरू होते. १९४८ ते १९५० या वर्षांत तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेने तीन जागी पोहणाऱ्यांची रोजनिशी ठेवली: शिकागोजवळ मिशिगन सरोवराचा काठ, केंटकीतल्या डेटन गावाजवळ ओहायो नदी आणि न्यू यॉर्कजवळचं लाँग आयलंड साउंडचं समुद्रपाणी. कोण पोहलं, कोण आजारी पडलं, पाण्यात कोलिफॉर्म किती. स्टिव्हन्सन नावाच्या अभियंत्याने १९५३ साली ते छापलं. नदीत एकूण कोलिफॉर्म २,३०० च्या पुढे गेले तेव्हा पोट बिघडलेले लोक जास्त निघाले. पुढे कुणीतरी हिशेब केला की त्या नदीत एकूण कोलिफॉर्मपैकी साधारण १८ टक्के फीकल असतात, म्हणजे सुमारे ४००. सुरक्षिततेसाठी त्याचं अर्धं करू, २००. १९६८ साली हे २०० शिफारस म्हणून आले आणि पुढे वर्षानुवर्षं जगभर नकलले गेले. एका नदीवरच्या एका उन्हाळ्याचा एक कल, त्यावर एक गुणाकार आणि एक भागाकार. मी हे कुचेष्टेने सांगत नाही. कुठून तरी सुरुवात करावी लागते. पण आकडा कागदावर छापला की त्याचा जन्मदाखला हरवतो, हे मात्र खरं.

त्याच काळात इंग्लंडमध्ये अगदी उलटं मत होतं. तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५९ साली सांगितलं की पाणी डोळ्याला किळस येईल इतकं घाण नसेल, तर समुद्रस्नानाने आजार होण्याचा धोका नगण्य आहे. मग युरोपने १९७६ साली स्नानाच्या पाण्याचा कायदा केला तेव्हा चहूबाजूंनी समुद्र असलेल्या ब्रिटनने 'स्नानाच्या जागा' म्हणून सुरुवातीला फक्त २७ किनारे जाहीर केले. समुद्र नसलेल्या लक्झेंबर्गच्या जागा त्याहून जास्त होत्या. जागा जाहीरच केली नाही की तपासावी लागत नाही. ही युक्ती आमच्याकडेही चांगली मुरलेली आहे.

अमेरिकेत पुढे व्हिक्टर कॅबेली आणि वर ज्यांचा उल्लेख आला ते डफोर यांनी काम नव्याने केलं. ज्यांचं डोकं पाण्याखाली गेलं त्यांनाच 'पोहणारे' धरलं, आठवड्याने फोन करून तब्येत विचारली आणि जिवाणूचा आकडा आजाराच्या आकड्याशी जोडला. गोड्या पाण्यासाठी ईरी सरोवर आणि ओक्लाहोमातलं एक धरण निवडलं. त्यातून १९८६ साली ई. कोलाय १२६ हा आकडा आला, तोही एका बाटलीचा नव्हे, तर महिनाभरातल्या किमान पाच नमुन्यांचा भूमितीय मध्य. भूमितीय का, तर १०, १०० आणि १,००० यांची साधी सरासरी ३७० येते, भूमितीय मध्य १००. जिवाणू दहा-दहापटीने वरखाली होतात, म्हणून एखादी वेडी बाटली सगळा महिना नासवू नये. १२६ म्हणजे हजार पोहणाऱ्यांमागे आठ जणांचं पोट बिघडेल, असं तेव्हा मांडलं. २०१२ साली तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने फेरविचार केला. १२६ तसाच ठेवला, पण आता लिहिलं, हजारात छत्तीस. पाणी तेच, आकडा तोच, आजारी साडेचारपट. कारण पूर्वी जुलाब सहसा तापासोबत असतील तरच धरत, आता तापाशिवायचेही धरले.

हे कळलं तेव्हा मला मानक या शब्दाचा खरा अर्थ लागला. पाणी १२५ ला स्वच्छ आणि १२७ ला घाण होत नसतं. हजार पोरं पाण्यात उतरली तर त्यांतल्या कितींच्या पोटात कळ आलेली आपल्याला चालेल, हे कुणीतरी ठरवतो आणि मग त्याचं भाषांतर जिवाणूंत करतो. ठरवणं हे प्रयोगशाळेचं काम नाही. ते गावाचं, सभागृहाचं, राजकारणाचं काम आहे. प्रयोगशाळा फक्त भाषांतर करते.

मग आपल्याकडे काय ठरलं? इथे एक नाही, तीन आकडे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत नदीचा 'ब' वर्ग म्हणजे उघड्यावर स्नानाचं पाणी, त्यात एकूण कोलिफॉर्म ५०० पेक्षा जास्त नकोत. २५ सप्टेंबर २००० च्या केंद्रीय अधिसूचनेत स्नानाच्या पाण्यासाठी मोजायचे ते फीकल कोलिफॉर्म: इष्ट ५००, कमाल २,५००. शिवाय फीकल स्ट्रेप्टोकोकाय इष्ट १००, कमाल ५००, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) ३ पर्यंत, सामू साडेसहा ते साडेआठ. आणि समुद्रस्नानाच्या पाण्यासाठी फीकल कोलिफॉर्म १००. म्हणजे कळंगुटला लाटांत खेळणाऱ्या पाहुण्यासाठी शंभर आणि चंद्रभागेत डोकं बुडवून ओंजळभर पिणाऱ्या वारकऱ्यासाठी अडीच हजारांपर्यंत. माणसाचं आतडं मात्र दोन्हीकडे एकच. अधिसूचनेत प्रत्येक आकड्यासमोर कारणाचा रकाना आहे. इष्ट आणि कमाल असं अंतर का, तर ऋतू आणि प्रवाह बदलतो म्हणून सवलत. हजारात किती जण आजारी पडलेले चालतील, याचा शब्द त्या रकान्यात नाही. परदेशी १२६ आणि आपले २,५०० यांची थेट तुलना करू नये, हेही सांगितलं पाहिजे. तो ई. कोलायचा मध्य आहे, हा फीकल कोलिफॉर्मचा कमाल आकडा. पण १२६ च्या मागे रोजनिशी आहे. २,५०० च्या मागे कोणाची, हे मी निवृत्त होईपर्यंत मला कुणी सांगितलं नाही.

आकडा ठरला तरी तो लावायचा कसा, याचा धडा देशाला प्रयागराजच्या महाकुंभात मिळाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंडळाचा एक अहवाल हरित लवादासमोर आला: वेगवेगळ्या वेळी तपासलेल्या जागी फीकल कोलिफॉर्म स्नानाच्या निकषात बसत नाहीत. महिना उलटायच्या आत दुसरा अहवाल आला: एकाच जागचे नमुने दिवसागणिक फार बदलतात, म्हणून सांख्यिकी लावली, फीकल कोलिफॉर्मचा मध्यांक १,४०० येतो, मर्यादा २,५००, म्हणजे पाणी स्नानयोग्य. टीव्हीवर दोन दिवस आरडाओरड झाली, कुणी खोटं ठरवलं, कुणी खरं. माझ्यासारख्याला त्यात खोटं काही दिसलं नाही. मध्यांक काढणं गैर नाही. पण मध्यांक १,४०० म्हणजे निम्मे नमुने त्याच्या वर होते. वर किती वर, आणि ते नेमके गर्दीच्या दिवसांचे होते का, हे मध्यांक सांगत नाही. युरोप म्हणून शंभरातल्या पंचाण्णव नमुन्यांचं बघतो, अमेरिका मध्याबरोबर शिखराचीही मर्यादा ठेवते. आपल्या अधिसूचनेत किती नमुने, किती दिवसांचे, मध्य की शिखर, यावर काही नाही. म्हणून दोन्ही अहवाल एकाच वेळी बरोबर असू शकले. नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थात हेच पुन्हा होईल, फक्त जास्त अवघड, कारण त्र्यंबकचं कुशावर्त हे वाहतं पात्र नव्हे, दगडी बांधलेलं लहानसं कुंड आहे आणि तिथे पाण्यात जिवाणू सोडणारे मुख्यतः स्नान करणारेच असतात. पंढरपूरला वारीसाठी उजनी धरणातून पाणी सोडतात. पातळ करणं हा जगातला सर्वांत जुना उपाय, आणि कुंडात तोही चालत नाही.

वेळेचं प्रकरण मला पुस्तिकेत सर्वांत आवडलं. ऊन जिवाणू मारतं. स्वच्छ उन्हात त्याच काठावरच्या त्याच पाण्यात सकाळपेक्षा दुपारी ई. कोलाय कमी सापडतात, हे शिकागोच्या काठावर मोजलेलं आहे. आणि आपलं सगळं स्नान पहाटेचं! धर्मशास्त्राने सांगितलेला मुहूर्त आणि जिवाणूचा मुहूर्त एकच पडतो. दुसरा शत्रू पाऊस. उन्हाळाभर नाल्यात, गोठ्यामागे, पांदणीत साचलेलं सगळं मृगाच्या पहिल्या सरीबरोबर तलावात उतरतं. पॅरिसमध्ये सीन नदीत १९२३ पासून पोहायला बंदी होती. ती उठवायला सुमारे १४० कोटी युरो खर्चले, तरी २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये पाऊस पडला आणि ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली. नळ्यांचा निकाल तर दोन-तीन दिवसांनी येतो. म्हणजे आपण परवाच्या पाण्यावर आजचा फलक लावतो. त्यापेक्षा 'काल पाऊस झाला का' हा प्रश्न फुकट आणि जास्त खरा आहे.

गावात हा विषय काढला की एक उत्तर ठरलेलं: "आम्ही जन्मभर इथंच पोहलो, आम्हाला काय झालं?" कॅबेलीला हेच उत्तर इजिप्तमध्ये सापडलं होतं, पण आकड्यांत. अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावर तिथल्या रहिवाशांपेक्षा कैरोहून सुट्टीला आलेले लोक जास्त आजारी पडत. रहिवाशांची पोटं त्या पाण्याला सरावलेली होती. म्हणजे गावकरी खोटं बोलत नाही, फक्त तो पुण्याहून आलेल्या नातवाबद्दल बोलत नसतो. आणि स्वतःच्या लहानपणीच्या हगवणीला तो 'ऊन बाधलं' म्हणतो, पाण्याशी जोडत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. जिवाणूचा आकडा चांगला आला म्हणून पाणी बिनधोक होत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांच्या लघवीतून रक्त जात होतं. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कारण निघालं गोगलगायीवाटे पाण्यात येणारा एक कृमी, जो कातडीतूनच शरीरात शिरतो. भारतात इतरत्र जवळजवळ न दिसणारा हा रोग तिथे पाण्यात उतरण्यातून जडला होता. केरळात अलीकडे मेंदूत शिरणाऱ्या अमिबाने मुलं गेली. तो नाकातून जातो आणि कोलिफॉर्मशी त्याचा संबंध नाही. आणि आमचं लोणार! त्या खाऱ्या, साबणासारख्या पाण्याचा सामू दहाच्या घरात. तिथे ई. कोलाय फार टिकणारच नाही, मग गावाचं सांडपाणी सरोवरात किती उतरलं हे नळ्या कशा सांगणार? तिथे काठावरचा नाला बघावा लागतो.

काठ बघणं, हीच जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेतली मुख्य गोष्ट. आकडा आणि परिसराची पाहणी एकत्र ठेवून जागेची प्रत ठरवा, असं त्यात सांगितलंय. ती वाचली तेव्हा मला हसू आलं, कारण हे महाराष्ट्रात गावोगावी होतं. पावसाळ्याआधी आणि नंतर पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. हातपंपाभोवती डबकं आहे का, पंधरा मीटरच्या आत शौचालय आहे का, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर कोरड्या जागी ठेवली आहे का. हीच प्रश्नावली थोडी बदलून पाझर तलावाला, घाटाला, डोहाला का लावू नये? गटार कुठून उतरतं, म्हशी कोणत्या अंगाला बसतात, पोरं कुठून सूर मारतात, शौचाला लोक अजून कोणत्या पाळीला जातात. लेखकांची मुख्य सूचना हीच आहे, आणि मी तिच्या पाठीशी आहे. यात प्रयोगशाळा लागते, पण शेवटी लागते. पहिल्यांदा पाय लागतात.

एका बाबतीत मात्र माझा त्यांच्याशी मतभेद आहे आणि तो त्यांनी छापू दिला याबद्दल आभार. हस्तलिखितात ते म्हणतात की जलसुरक्षकाकडच्या हायड्रोजन सल्फाइडच्या छोट्या बाटल्या तलावालाही वापराव्यात. ही बाटली आपलीच. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी तिची कृती १९८२ साली छापली. खिडकीत ठेवा, दोनेक दिवसांत काळी पडली तर पाणी दूषित. पिण्याच्या पाण्यासाठी तिच्यासारखी स्वस्त आणि स्पष्ट गोष्ट नाही. पण ती फक्त हो किंवा नाही सांगते. ज्या तलावात बैल धुतात तिथलं उत्तर नेहमी 'हो' येणार. बारमाही काळी बाटली बघून गाव आठ दिवसांत तिच्याकडे बघणं सोडून देईल. पोहण्याच्या पाण्याला किती, कधी आणि कुठे, हे विचारावं लागतं.

हे खरं करून बघावं म्हणून गेल्या जूनमध्ये मी आमच्या तलावावर तीन बाटल्या भरल्या: एक पहाटे, एक भर दुपारी, एक रात्रीच्या पावसानंतर. तिन्ही खिडकीत मांडल्या. तिसऱ्या दिवशी तिन्ही सारख्याच काळ्या. शेजारचा नातवाच्या वयाचा पोरगा खांद्यावर ट्यूब घेऊन दारात उभा होता.

"आबा, मंग पोहाचं का नाही?"

"पाऊस कधी झाला?"

"काल रातच्याला."

"मग आज नको. परवा ये दुपारी, ऊन पडल्यावर. म्हशी बसतात त्या अंगाला जाऊ नको. आणि सूर मारताना तोंड मिट."

त्याने ट्यूब भिंतीला टेकवून ठेवली आणि बाटल्या का काळ्या झाल्या ते विचारत ओट्यावर बसला.